घोळणा फुटला? घड्याळ बघा!

मार्चअखेरची दुपार होती. अकरावीचे प्रात्यक्षिक चालू होते. बाहेर ऊन रणरणत होते आणि पंख्याचा वाराही अंगाला गरम लागत होता. खिडकीजवळच्या टेबलावर एक विद्यार्थी व्हर्निअर कॅलिपरने पितळी नळीचा आतला व्यास मोजत होता. आकडा लिहायला तो जर्नलवर वाकला आणि पानावर टपकन एक लाल थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली. “सर, ह्याचा घोळणा फुटला!” कुणीतरी ओरडले आणि सारा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला.

अशा वेळी मी काय केले असेल? लहानपणी माझा घोळणा फुटला की आजी जे करी, नेमके तेच. त्याची मान मागे टाकली. डोक्यावर गार पाणी थापले. प्रयोगशाळेतले शिपाईमामा धावत जाऊन कांदा घेऊन आले. तो फोडून नाकाशी धरला. नाकातून बाहेर येणारे रक्त कमी झाले, तसा मला हायसे वाटले. पण चार-पाच मिनिटांतच त्या मुलाला मळमळले आणि त्याला काळपट लाल रंगाची उलटी झाली. ती पाहून वर्गातल्या दोन मुली रडू लागल्या. खरे सांगायचे तर माझेही पाय लटपटले.

रिक्षा करून आम्ही जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुलाला खुर्चीवर ताठ बसवले, थोडे पुढे वाकवले आणि त्याचे नाक त्यालाच चिमटीत धरायला सांगितले. मग मला म्हणाले, “सर, तुमच्या हातात घड्याळ आहे. बारा मिनिटे मोजा. तोपर्यंत त्याने बोटे सोडायची नाहीत.” बारा मिनिटांनी चिमूट सोडली. रक्त थांबले होते.

“मग ती उलटी?” मी विचारले. डॉक्टर हसले. “सर, तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता ना? गळका नळ वर वळवला की गळायचा थांबतो का? पाणी फक्त दुसऱ्या वाटेने जाते. मान मागे टाकल्यावर रक्त घशात उतरले, तिथून पोटात गेले. पोटाला रक्त सोसत नाही, म्हणून ते उलटून पडले.”

हे उत्तर मला चांगलेच झोंबले. द्रवांचा दाब, नळीतला प्रवाह हे सगळे मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवत होतो. पण ते नियम नाकालाही लागू आहेत, हे मला ऐन वेळी सुचले नाही. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून हा लेख. अचानक रक्त येऊ लागले तर आपण काय करायचे, आणि आपले करणे पुरेसे नाही हे कशावरून ओळखायचे, एवढ्या दोनच गोष्टी आज पाहू या.

रुमालभर रक्त म्हणजे किती?

रक्त पाहिले की माणूस घाबरतो आणि घाबरला की चुका करतो. म्हणून आधी एक घरगुती प्रयोग करा. एक जुना, पातळ, पांढरा रुमाल घ्या. चहाचे दोन चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर कोकमाचे पाणी त्यावर ओता. रुमाल किती भिजतो ते पाहा.

गणित सोपे आहे. कापडाची जाडी ०.३ मिलिमीटर धरली, तर १० घन सेंटिमीटर द्रव सुमारे ३३० चौरस सेंटिमीटर जागा व्यापेल. म्हणजे १८ सेंटिमीटर बाजूचा चौकोन झाला. शिवाय कापडात धाग्यांनीही जागा अडवलेली असते, त्यामुळे डाग याहूनही मोठा पडतो. जवळजवळ सगळा रुमाल लाल! पाहणाऱ्याला वाटते, वाटीभर रक्त गेले. प्रत्यक्षात गेलेले असते दोन चमचे.

आता शरीरात रक्त किती असते? दर किलो वजनामागे साधारण ७५ मिलिलिटर. तुमचे वजन ४० किलो असेल, तर तुमच्या अंगात सुमारे ३ लिटर रक्त आहे. दोन चमचे म्हणजे त्याचा तीनशेवा भाग. निरोगी प्रौढ माणूस रक्तदानाच्या वेळी एका बैठकीत ३५० मिलिलिटर रक्त देतो आणि थोड्या विश्रांतीनंतर चालत घरी जातो.

याचा अर्थ रक्त गेले तरी चालते, असा मात्र नव्हे. अर्थ एवढाच की, पहिल्या काही मिनिटांत घाबरण्याचे कारण नसते. डोके शांत ठेवून योग्य ती गोष्ट करायला पुरेसा वेळ असतो.

रक्त नाकातूनच का येते?

आपण श्वासाबरोबर आत घेतो ती हवा कधी थंड असते, कधी कोरडी, कधी धुळीने भरलेली. फुप्फुसांना मात्र ती ऊबदार, ओलसर आणि स्वच्छ लागते. हे काम नाकाचे. त्यासाठी नाकाच्या आतल्या नाजूक, ओलसर अस्तराखाली बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरलेले असते. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर, अगदी पुढच्या बाजूला, हे जाळे विशेष दाट आणि वरवर असते. जेम्स लिटल या अमेरिकी शल्यविशारदाने १८७९ मध्ये या जागेचे वर्णन केले. म्हणून डॉक्टर तिला ‘लिटलचा भाग’ म्हणतात. बहुतेक घोळणे इथेच फुटतात. ही जागा आपल्या बोटाच्या टप्प्यात आहे, हे लक्षात ठेवा. हाच तिचा दोष आणि हाच तिचा गुण!

दोष असा की, नाकात बोट घालायची सवय असली की नख लागते ते इथेच. सर्दीत पुन्हा पुन्हा नाक शिंकरले की सोलवटते तेही इथेच. उन्हाळ्याच्या झळांत किंवा कडाक्याच्या थंडीत हवा कोरडी होते, अस्तर सुकते, त्यावर खपली धरते. ती ओढली की खालची वाहिनी उघडी पडते. ‘उष्णता झाली म्हणून घोळणा फुटला’ असे घरची मोठी माणसे म्हणतात, त्यात निरीक्षण खरे आहे. उन्हाळ्यात हे जास्त घडते. मात्र त्यामागचा मोठा गुन्हेगार म्हणजे हवेचा कोरडेपणा, आणि त्याचा साथीदार आपले नख.

याखेरीज चेंडू लागणे, नाकाचा पडदा वाकडा असणे, लहान मुलांनी नाकात चिंचोका किंवा मणी घालणे अशीही कारणे असतात. ओढ्यात किंवा तळ्यात पोहून आल्यावर नाकात शिरलेल्या जळूमुळेही काही वेळा रक्त येत राहते. मोठ्या माणसांत वाढलेला रक्तदाब आणि रक्त पातळ ठेवण्याची औषधे यांचाही विचार करावा लागतो.

फुटलेला पाट कसा बुजतो?

शेतातला पाट फुटलेला तुम्ही पाहिला असेल. शेतकरी काय करतो? आधी वरून येणारे पाणी कमी करतो. मग भगदाडात दगड, ढेकळे टाकतो. त्यात गवत, काटक्या अडकवतो आणि वर चिखल थापतो. आपले रक्तही हेच करते.

पहिली पायरी: फुटलेली वाहिनी आकसते. फ्रेंच वैद्य प्वासय याने एकोणिसाव्या शतकात बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाचा नियम शोधला. रक्ताभिसरण समजून घ्यावे, याच ओढीने तो या प्रयोगांकडे वळला होता. त्याचा नियम सांगतो की, इतर गोष्टी तशाच राहिल्या तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळावा हिस्सा उरतो! वाहिनी थोडीशी आकसली तरी केवढा फरक पडतो, पाहा.

दुसरी पायरी: ढेकळांचे काम रक्तपट्टिका करतात. वर्तमानपत्रांत ‘प्लेटलेट’ म्हणतात त्या याच. एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते चार लाख असतात. फाटलेल्या कडेला त्या चिकटतात, एकमेकींना चिकटतात आणि भगदाडावर कच्चे बूच बसवतात.

तिसरी पायरी: रक्तद्रवात विरघळलेली काही प्रथिने साखळीने एकामागून एक जागी होतात. शेवटी फायब्रिन नावाचे बारीक धागे तयार होतात. त्यांच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात आणि कच्चे बूच पक्के होते. यालाच आपण रक्त साकळणे म्हणतो.

काचेच्या नळीत काढलेले निरोगी माणसाचे रक्त साकळायला सर्वसाधारणपणे ५ ते १५ मिनिटे लागतात. आता डॉक्टरांनी मला बारा मिनिटे का मोजायला लावली, ते ध्यानात आले ना? घोळण्यावरचे औषध नाकाबाहेर नाहीच, ते रक्तातच आहे. आपण त्याला फक्त वेळ मिळवून द्यायचा.

चिमूट आणि घड्याळ

तर मग घोळणा फुटल्यावर काय करायचे?

त्या मुलाला ताठ बसवा. आडवे करू नका. यामागे भौतिकशास्त्र आहे. बसलेल्या माणसाचे नाक हृदयापेक्षा साधारण २५ सेंटिमीटर उंच असते. रक्ताच्या एवढ्या उंचीच्या स्तंभामुळे नाकापाशी दाब पाऱ्याच्या सुमारे २० मिलिमीटरने कमी भरतो. आडवे झाले की हा फायदा गेला.

डोके किंचित पुढे झुकवा, म्हणजे रक्त घशात उतरणार नाही. तोंडाने श्वास घ्यायला सांगा. तोंडात आलेले रक्त गिळायचे नाही, थुंकायचे.

आता नाकाचा खालचा मऊ भाग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत घट्ट धरायचा. वरच्या हाडावर चिमूट धरून उपयोग नाही. हाड दबत नाही आणि फुटलेली जागा तिथे नसते. लिटलचा भाग बोटाच्या टप्प्यात असण्याचा गुण तो हाच. शक्य तर ज्याचे नाक त्यानेच धरावे. मदत करणाऱ्याने दुसऱ्याच्या रक्ताला उघडा हात लावू नये. हातमोजे नसतील तर हातात स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवावी.

जोर किती लावायचा? मोठ्या रोहिणीतला वरचा रक्तदाब पाऱ्याचा १२० मिलिमीटर धरला, तर तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६० ग्रॅम भरतो. बोटाखालची जागा ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर ६५० ग्रॅम वजनाएवढा जोर पुरून उरतो, कारण नाकातल्या बारीक वाहिन्यांत दाब याहून कमीच असतो. म्हणजे काही पहिलवानी नको. हवी ती चिकाटी. सहाव्या-सातव्या मिनिटाला बोटे भरून येतात. तेव्हा हात बदला, पण चिमूट सुटू देऊ नका.

आणि इथेच बहुतेकांची चूक होते. दर मिनिटाला बोट उचलून ‘थांबले का?’ म्हणून बघायचे! चिखल ओला असताना पाटाचा बांध उकरून पाहिला तर काय होईल? कच्चे बूच निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून घड्याळ समोर ठेवा. १० ते १५ मिनिटे, न उघडता. मित्रांनी गप्पा माराव्यात, धीर द्यावा, पण नाकाकडे बघू नये, घड्याळाकडे बघावे.

रक्त थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नये, खपली काढू नये, जड ओझे उचलू नये. वारंवार त्रास होत असेल तर नखे कापून ठेवावीत आणि नाकपुडीच्या पुढच्या भागात पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा, म्हणजे अस्तर सुकत नाही.

हातापायाला कापले तरी तत्त्व हेच. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून सतत दाबा. घडी भिजली तर ती न काढता वरून दुसरी ठेवा. जखमेत काच किंवा खिळा रुतला असेल तर तो उपसू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना दाब द्या. हळद, राख, चहापूड यांतले काही जखमेत भरू नका.

घड्याळ हरले तर?

नीट चिमूट धरली, १५ मिनिटे झाली, तरीही रक्त वाहतेच आहे. याचा अर्थ काय? एक तर वाहिनी मोठी आहे किंवा नाकात मागच्या बाजूला आहे, जिथे आपला दाब पोचत नाही. नाही तर रक्ताच्या त्या तीन पायऱ्यांपैकी एखादी निसटली आहे. दोन्ही गोष्टींत पुढचे काम डॉक्टरांचे. म्हणजे ज्या घड्याळाने रक्त थांबवायला मदत केली, तेच घड्याळ धोक्याची सूचनाही देते.

पायऱ्या निसटतात कशा, याची काही खरी उदाहरणे पाहू या.

फिनलंडजवळच्या ऑलंड बेटांवर यॉर्डिस नावाची मुलगी होती. तिला लहानपणापासून वारंवार रक्तस्राव होई. १९२४ मध्ये, ती पाच वर्षांची असताना, तिला हेलसिंकी येथे डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आणले. तिच्या काही बहिणी अगदी लहान वयातच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. रक्त न साकळण्याचा हिमोफिलिया हा आनुवंशिक विकार तेव्हा ठाऊक होता. पण तो मुख्यतः मुलग्यांत दिसतो. इथे तर मुलीही आजारी होत्या, आणि यॉर्डिसच्या रक्तपट्टिकांची संख्याही ठीक होती! हा वेगळाच विकार आहे, असे डॉक्टरांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. रक्तपट्टिकांना फाटलेल्या कडेशी चिकटवणारा जो ‘डिंक’ रक्तद्रवात असतो, तोच या घराण्यात कमी होता, हे पुढे कितीतरी वर्षांनी उमगले. आज या विकाराला त्या डॉक्टरांचेच नाव आहे. यॉर्डिस मात्र वयाच्या तेराव्या वर्षी, मासिक पाळीतल्या रक्तस्रावाने गेली. ती तिची अवघी चौथी पाळी होती.

मुलींनो, ही हकीकत मुद्दाम सांगितली. पाळीत रक्त जाणे हे स्वाभाविक आहे. पण ते सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागत असेल, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडत असतील किंवा चक्कर येत असेल, तर ‘असेच असते’ म्हणून सोसू नका. आईला, ताईला, बाईंना सांगा. आज या विकाराचे निदान रक्ततपासणीने होते आणि त्यावर औषधेही आहेत. शिक्षकांनो, अशा मुलीने प्रात्यक्षिकातून बाहेर जायची परवानगी मागितली तर चारचौघांत कारण विचारू नका.

दुसरी गोष्ट अमेरिकेतील विस्कॉन्सिनची. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी, मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले तिचे रक्त घेऊन, कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आला. ते रक्त साकळतच नव्हते! त्याच्या गाईंनी बुरशी लागून खराब झालेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाल्ला होता. साकळण्याच्या साखळीतली काही प्रथिने तयार व्हायला के जीवनसत्त्व लागते; त्या चाऱ्यातले द्रव्य के जीवनसत्त्वाच्या आड येत होते. लिंकच्या प्रयोगशाळेने ते शोधून काढले. त्याच जातीचे वॉरफेरिन १९४८ पासून उंदीर मारायला आणि पुढे १९५० च्या दशकात माणसाच्या रक्तात घातक गुठळ्या होऊ नयेत म्हणून औषध म्हणून वापरात आले. तुमच्या घरी आजोबांना हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर त्यांचे रक्त थांबायला वेळ लागणारच. त्यांना घोळणा फुटला किंवा ते डोक्यावर पडले तर वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आणि उंदराचे औषध चुकून कुणाच्या पोटात गेले, तर रक्त दिसायची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा. त्याचा परिणाम दिसायला काही दिवसही लागतात.

तिसरे उदाहरण आपल्या पावसाळ्याचे, डेंग्यूचे. या तापात रक्तपट्टिकांची संख्या झपाट्याने घटू शकते. मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येते, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. हे ठिपके ओळखायची युक्ती आहे. काचेचा स्वच्छ पेला ठिपक्यांवर दाबून धरा. नुसता लालसरपणा असेल तर दाबाने वाहिनीतले रक्त बाजूला सरते आणि ठिपका फिकट होतो. रक्त वाहिनीच्या बाहेर झिरपले असेल, तर ते सरायला वाटच नसते. ठिपका तसाच राहतो. असा न पुसणारा ठिपका आणि ताप एकत्र दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डेंग्यूचा धोका पुष्कळदा ताप उतरू लागताना वाढतो, हेही विसरू नका. आणि अशा तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. या गोळ्या रक्तपट्टिकांच्या कामात अडथळा आणतात.

शेवटचे उदाहरण घड्याळाचेच. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने साकळण्याची प्रथिने संपून जातात आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ शकते. असा साप चावलेला रुग्ण आला की डॉक्टर त्याचे २ मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात, २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करतात. रक्त अजून पातळच असेल, तर विष रक्तात भिनले आहे. एक परीक्षानळी आणि एक घड्याळ. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही असतात अशी ही साधने! अर्थात ही चाचणी डॉक्टरांची आहे. आपले काम रुग्णाला न चालवता, लवकरात लवकर रुग्णालयात पोचवणे हे.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे?

पुढील यादी वहीत उतरवून घ्या.

लगेच रुग्णालयात न्यायचे ते असे:

१. १५ मिनिटे न सोडता दाबूनही रक्त थांबत नाही, किंवा इतके जोरात येते की पुढे वाकूनही घशात उतरते.

२. डोक्याला मार लागल्यावर किंवा अपघातानंतर नाकातून, कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्राव येतो.

३. रक्त जाताना चेहरा पांढरा पडतो, थंड घाम सुटतो, चक्कर येते, धाप लागते.

४. रक्ताची उलटी होते (घोळण्याचे रक्त गिळलेले नसताना), खोकल्यातून बरेच रक्त पडते, किंवा शौचाला डांबरासारखे काळे आणि चिकट होते.

५. जखमेतून रक्ताची चिळकांडी उडते.

६. ताप आहे आणि अंगावर न पुसणारे लाल-जांभळे ठिपके आहेत.

महाराष्ट्रात अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी केला की रुग्णवाहिका मिळते.

एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवायचे ते असे:

१. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा घोळणा फुटतो, किंवा नेहमी एकाच नाकपुडीतून रक्त येते.

२. मार न लागता अंगावर काळेनिळे डाग पडतात. दात घासताना रोज रक्त येते.

३. लघवीतून किंवा शौचातून लाल रक्त जाते.

४. दात काढल्यावर किंवा लहानशा जखमेतून तासन्‌तास रक्त झिरपत राहते. घरात आणखी कुणाला असा त्रास आहे.

५. पाळीचा त्रास वर सांगितल्याप्रमाणे आहे.

काही फसवी रूपेही असतात. बीट खाल्ल्यावर लघवी किंवा शौच लालसर होऊ शकते. शाळेत मिळणारी लोहाची गोळी घेतल्यावर शौचाचा रंग काळपट होतो. ‘आदल्या दिवशी काय खाल्ले होते?’ हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर न मिळाल्यास डॉक्टरांना विचारावे.

त्या मुलाचे काय झाले, हे सांगायचे राहिलेच. दोन दिवसांनी तो मला भेटायला आला आणि खाली मान घालून म्हणाला, “सर, त्या महिन्यातली ती चौथी वेळ होती. घरी सांगितले नव्हते. बाबा खेळ बंद करतील म्हणून.” मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. कान-नाक-घसातज्ज्ञांनी तपासले तेव्हा पडद्यावर एक बारीक वाहिनी उघडी पडलेली दिसली. त्यांनी ती सिल्व्हर नायट्रेटने डागली. पाच मिनिटांचे काम! त्याचा खेळ काही बंद झाला नाही.

आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर आता एक कार्ड चिकटवले आहे: ‘ताठ बसा. पुढे वाका. नाकाचा मऊ भाग धरा. घड्याळ बघा: १५ मिनिटे. थांबले नाही तर डॉक्टर. थांबले तरी घरी सांगा.’ तुमच्या शाळेच्या पेटीवरही असे कार्ड लावा. अक्षर मोठे काढा. घाबरलेल्या माणसाला बारीक अक्षर वाचता येत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.